पर्जन्यछायेतलं प्रेमगीत

सर,

परवा कॉलेजात तुमची शोकसभा झाली. प्राचार्य म्हणाले, "बिराजदार सर अत्यंत मितभाषी होते." आम्ही तिघं शेवटच्या बाकावर बसलो होतो. अझहरनं माझ्याकडं बघितलं, मी श्रीनूकडं बघितलं, आणि श्रीनूनं खाली वाकून बुटाची लेस बांधायला घेतली. त्याच्या पायात चप्पल होती.

शोकसभेत हसू यावं ही वाईट गोष्ट आहे, मान्य. पण ज्या माणसानं काळ्या मातीला भेगा का पडतात हे समजावताना टपरीवरच्या चहावर दोनदा साय आणली, त्याला मितभाषी म्हटल्यावर आम्ही काय करायचं? सगळे भाषण करून गेले. तुमच्या समित्या झाल्या, तुमचे शोधनिबंध झाले, तुमची शिस्त झाली. तुम्ही आमच्या म्युझिक व्हिडिओचे हिरो होतात हे मात्र कुणी काढलं नाही. प्राचार्यांनी तो व्हिडिओ पहिल्या रांगेत बसून बघितलाय. पण अशा प्रसंगी असं काही बोलत नसतात म्हणे. म्हणून मी बोलते.

आमच्या वाट्याला तुम्ही आलात ते कुणाच्या हौसेनं नव्हे. आम्हाला फिल्मचं शिकवणारे सर चांगली नोकरी मिळाली म्हणून पुण्याला निघून गेले. इकडं भूगोलाला मुलं कमी झालेली, तुमचे तास भरत नव्हते. ऑफिसात कुणीतरी या दोन अडचणी एकमेकींसमोर ठेवल्या आणि एकीनं दुसरी सोडवली. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून एक म्युझिक व्हिडिओ करायचा होता, आणि त्याचे मार्गदर्शक म्हणून काखेत नकाशाची गुंडाळी आणि खिशात लाल पेन घेऊन तुम्ही वर्गात आलात.

आमची नावं तुम्ही विचारली नाहीत. गावं विचारलीत. मी टेंभुर्णीची म्हटल्यावर मी कायमची 'टेंभुर्णी' झाले. अझहर 'विजापूर वेस' झाला, श्रीनू 'साखर पेठ' झाला. पुढं कधी आमची खरी नावं तुमच्या तोंडून आली असतील तर ती हजेरीच्या वेळी.

अझहरनं गाणं आधीच लिहून, चाल लावून ठेवलं होतं. 'भिज ना जरा.' त्यात ढग होते, विजा होत्या, ओले केस होते, दुसऱ्या कडव्यात एक होडीसुद्धा होती. तुम्ही तो कागद उत्तरपत्रिकेसारखा वाचलात. 'ढग दाटले उरी' या ओळीसमोर समासात लाल पेननं 'आधार?' असं लिहिलंत. मग चष्मा काढून अझहरला विचारलंत, "हे कुठं घडतं?"

"कुठंपण घडू शकतंय सर. प्रेमच हाय की."

"कुठंपण काही घडत नसतं. जागा सांग."

अझहर घाबरून म्हणाला, सोलापूर. तेव्हा तुम्ही नकाशा उलगडून भिंतीला लावलात आणि आम्हाला सह्याद्रीपासून सुरुवात केलीत. ढग तिकडं अडतात, पाणी तिकडंच सांडतात, आणि आपल्यापर्यंत येतात ते नुसते रिकामे. आपण पर्जन्यछायेत राहतो. पर्जन्यछायेतल्या मुलानं इतक्या खात्रीनं 'भिज ना जरा' म्हणणं हे तुम्हाला शास्त्राच्या दृष्टीनं बेजबाबदार वाटत होतं. तास संपल्यावर अझहर जिन्यात म्हणाला, "ह्या माणसाला लग्नात अक्षदा टाकायला सांगितल्या तर तांदूळ कुठल्या पट्ट्यातला ते विचारंल."

आम्हाला वाटलं, होईल सवय. पण आमची खरी अडचण तुम्ही नव्हताच. आमच्याकडं गाणं होतं, कॅमेरा होता, आणि डोक्यात एकही चित्र आमचं स्वतःचं नव्हतं. आम्ही मोबाइलवर तासन्‌तास व्हिडिओ बघायचो आणि त्याला प्रेरणा शोधणं म्हणायचो. त्यात बर्फ असायचा, समुद्र असायचा, वरचं छत उघडणाऱ्या गाड्या असायच्या. आमच्याकडं श्रीनूच्या मामाची स्कूटर होती, तिचा स्टँड तुटलेला होता. तुम्हाला हे सांगितलं तर तुम्ही म्हणालात, फील्डवर जाऊ. आणि आम्हाला भर दुपारी चौकात नेऊन उभं केलंत आणि म्हणालात, बघा. आम्ही बघितलं. मग तुम्ही काय दिसलं ते विचारलंत. मी 'शहराची लगबग' असं काहीतरी पुस्तकी बोलले. श्रीनू म्हणाला, "दोन कुत्री आणि एक ट्रॅफिक हवालदार. तिघं एकाच सावलीत."

तुम्ही त्याची पाठ थोपटलीत. आम्ही त्यावरून श्रीनूला आठवडाभर छळलं.

पाऊस मात्र आम्ही सोडला नव्हता. अझहरच्या चुलत्याचा पाण्याचा टँकर होता. तो गल्लीमागच्या मोकळ्या जागेत आणायचा, गच्चीवरून पाइपानं फवारा सोडायचा, आणि खाली पांढऱ्या शर्टात अझहर भिजणार, असा बेत ठरला. तुम्ही विरोध केला नाहीत. एवढंच विचारलंत की त्या भागात नळाला पाणी कधी आलं होतं. आम्हाला वाटलं, हेही असंच एक भौगोलिक कुतूहल असेल.

टँकर आला आणि मागं घेताना त्यानं हॉर्न वाजवला. तिथंच आमचा व्हिडिओ संपला. श्रीनू कॅमेरा तिकाटण्यावर बसवेपर्यंत गल्लीतून घागरी, बादल्या, हंडे, एका घरातून तर लहान बाळाचा टब, असं सगळं निघालं. अझहर हात पसरून आकाशाकडं बघत उभा होता. एका बाईनं त्याच्या पसरलेल्या हातात घागर दिली आणि म्हणाली, पुढं दे. त्यानं दिली. मग पुढची दिली. गच्चीवरून त्याची अम्मी ओरडली, "पानी में नाचने कू शरम नै आती क्या रे?" आणि स्वतःची बादली दोरीनं खाली सोडली.

आम्ही डोकं धरून बसलो. तुम्ही बाह्या सरसावून पुढं झालात. रांग लावलीत, आधी म्हातारी माणसं, मग बाकीचे. हिरॉइनसाठी आणलेली लाल छत्री तुम्ही उघडलीत आणि रांगेतल्या एका खालाजानच्या डोक्यावर धरून उभे राहिलात. त्या ऊन म्हणून वैतागल्या होत्या, त्यांनी तुम्हाला तोंड भरून दुवा दिल्या. टँकर रिकामा झाला तेव्हा अझहरच्या वाट्याला पाइपातलं शेवटचं चूळभर पाणी आलं. ते त्याच्या उजव्या बुटावर पडलं.

परत येताना तो रडकुंडीला आला होता. "गाणं मेलं सर," म्हणाला.

"गाणं कुठं मेलं. पाऊस मेला," तुम्ही म्हणालात. "रविवारी जेवायला या."

तुमच्या जुळे सोलापुरातल्या घरी आम्ही पहिल्यांदा आलो ते असे हरून आलो. काकूंनी कडक भाकऱ्यांची चळतच मांडली होती, शेंगाचटणी, दही, भरलं वांगं. आमची तोंडं बघून त्यांनी विचारलं, काय झालंय. अझहरनं सगळं सांगितलं. प्रेमाचं गाणं आहे, सर पाऊस घालू देत नाहीत, आणि पावसाशिवाय प्रेम कसं दाखवायचं तेच कळत नाही.

काकू हसायला लागल्या. म्हणाल्या, "कुणाकडं आलायसा प्रेमाचं विचारायला. ह्यांनी मला पहिल्यांदा काय विचारलं ठाऊक आहे? काल अक्कलकोटला तापमान किती होतं."

तुम्ही तेव्हाच उठलात. कूलरमध्ये पाणी घालायला. कूलर भरलेला होता.

आणि काकूंनी सांगितलं. तुम्ही दुधनीच्या हायस्कुलात नवीन लागला होतात, गावाबाहेर फाट्यावर खोली घेऊन राहत होतात. काकू तिथल्याच प्राथमिक शाळेत, रोज अक्कलकोटहून येऊन-जाऊन. उन्हाळ्यात शाळा सकाळची. ती सुटली की त्या दुपारच्या गाडीसाठी फाट्यावर उभ्या राहायच्या. तिथं एकच लहानसं लिंबाचं झाड होतं. तुम्ही खोलीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाण्याची बाटली घेऊन यायचात आणि त्याच सावलीत थोडं लांब उभे राहायचात. बाटली द्यायचात आणि तापमान सांगायचात.

"झाड एवढुसं," काकू म्हणाल्या. "अकराला सावली ऐसपैस पडायची, तेव्हा आमच्यामध्ये अजून एक माणूस बसंल एवढं अंतर. ऊन चढलं की सावली बुंध्याकडं गोळा व्हायची. उन्हात कोण उभारणार? मग हे थोडं इकडं, मी थोडी तिकडं. गाडीला जेवढा उशीर, तेवढं आम्ही जवळ. कंडक्टरच्या कृपेनं लग्न झालं म्हणा."

तुमच्या कूलरमधून सांडलेलं पाणी माझ्या पायाखालून चाललं होतं, आणि मला आमचा व्हिडिओ दिसत होता. सुरुवातीपासून. दोन माणसं, एक झाड, लहान होत जाणारी सावली. मी श्रीनूची बाही ओढली. त्यालाही दिसत होता. अझहरनं तर भाकरीचा तुकडा हातातच धरून गुणगुणायला सुरुवात केली होती.

तुम्ही ओले पाय घेऊन बाहेर आलात आणि म्हणालात, ही खासगी बाब आहे, ती प्रोजेक्टमध्ये येणार नाही.

"खासगी कसली," काकू म्हणाल्या. "अख्ख्या फाट्यानं बघितलीय."

अझहरनं नवं गाणं दुसऱ्याच दिवशी आणलं. त्याचं ध्रुवपद होतं, 'सावली सरकली, तूबी सरक जरा.' तुम्ही पुन्हा लाल पेन काढलंत. 'भिज'वर जेवढं लाल झालं होतं तेवढं या वेळी नव्हतं. एकाच शब्दाखाली रेघ होती. सावली सरकत नाही, तुम्ही म्हणालात, पृथ्वी फिरते.

अझहर म्हणाला, "सर, पृथ्वी चालीत बसत नाही."

तुम्ही पेनाला टोपण लावलंत आणि म्हणालात, "बरं. राहू दे सावली." भूगोलानं कवितेला दिलेली एवढी मोठी सवलत मी त्याआधी बघितली नव्हती.

शूटिंगचा दिवस तुम्ही काढलात. मे महिन्यात आपल्याकडं एक दिवस असा येतो की भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, उभ्या काठीची सावलीच पडत नाही. तोच दिवस पाहिजे म्हणालात. सावली लहान दाखवायची तर नीट लहान दाखवा. मी म्हटलं, कॅमेऱ्यात एवढं कळत नाही सर. तुम्ही म्हणालात, मला कळेल.

सकाळच्या पॅसेंजरनं आम्ही दुधनीला उतरलो, काकूंसकट. तुमचं ते लिंबाचं झाड रस्ता रुंद करताना गेलं होतं. काकू थोडा वेळ तिथं बघत राहिल्या, मग म्हणाल्या, चला, दुसरं बघू. पुढच्या थांब्यापाशी एक तसंच झाड सापडलं. तुम्ही त्याच्याभोवती तीन फेऱ्या मारल्यात, मुलगी बघायला गेल्यावर बघतात तसं वरखाली बघितलंत आणि पसंत केलंत.

हिरो-हिरॉइन म्हणून कॉमर्सची दोघं येणार होती, गॅदरिंगला नाचणारी. झाड ठरलं आणि फोन आला. तिच्या घरचे नको म्हणाले होते, आणि ती नाही म्हटल्यावर तो आलाच नाही. सावली तर आखडायला लागली होती. श्रीनू म्हणाला, तोवर सर आणि काकू, तुम्ही जरा तिथं उभे राहा, मी लाइट बघतो.

श्रीनू शपथेवर सांगतो की त्याला खरंच लाइट बघायचा होता. मी ते आजवर मानलेलं नाही.

तुम्ही उभे राहिलात. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात लाल आणि निळं अशी दोन पेनं, हातात ओल्या फडक्यातली बाटली. कॅमेऱ्याकडं असे बघत होतात, जसे कायम गैरहजर राहणाऱ्या मुलाच्या बापाकडं बघतात. मी म्हटलं, सर, कॅमेऱ्याकडं नका बघू. मग तुम्ही आकाशाकडं बघायला लागलात. अझहर म्हणाला, ओठ हलवा, गाणं लावतो. तुम्ही साफ नकार दिलात. गाणं म्हणणार नाही, नाचणार नाही, वाटलं तर थांबेन. शेवटी काकू कानडीत हळूच म्हणाल्या, "सुम्न निंद्री." म्हणजे गप उभारा. आणि तुम्ही गप उभे राहिलात. त्यानंतर तुम्हाला कॅमेरा दिसलाच नाही बहुतेक. सावली लहान झाली की तुम्ही न सांगता अर्धं पाऊल आत यायचात. काकूही यायच्या. मी एकदासुद्धा 'ॲक्शन' म्हटलं नाही.

आणि तेवढ्यात खरीच एसटी आली. थांब्यावर दोन माणसं उभी दिसल्यावर ड्रायव्हरनं गाडी थांबवली. कंडक्टरनं दार उघडून म्हटलं, बसा की ओ लौकर.

"आम्हाला कुठं जायचं नाही," तुम्ही म्हणालात.

"मग स्टॉपवर कशाला उभारलाव?"

तुम्हाला खोटं बोलता येत नव्हतं, हा तुमचा दोष होता सर. तुम्ही प्रामाणिकपणे म्हणालात, "सावली मोजतोय."

कंडक्टरनं ड्रायव्हरकडं बघितलं. ड्रायव्हरनं गाडी हळूच पुढं काढली, वेड्या माणसाला दचकवू नये तशी. खिडक्याखिडक्यांतून डोकी बाहेर आली. काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या, आणि तुम्ही त्या का हसतायत हे न कळून त्यांच्याकडं बघत होतात. आमच्या व्हिडिओतला सगळ्यात चांगला शॉट तो. त्याचं दिग्दर्शन एसटी महामंडळानं केलं.

साडेबाराच्या सुमाराला सावली पार बुंध्याशी आली. तुमचे खांदे एकमेकांना टेकले, बाटली काकूंकडं गेली. मी म्हटलं, झालं, पॅकअप. तुम्ही म्हणालात, झालं कसं? निरीक्षण अर्धवट सोडायचं नसतं. तीनपर्यंत चालू ठेवा. मार्गदर्शकाची आज्ञा म्हणून श्रीनूनं कॅमेरा चालूच ठेवला. सावली दुसऱ्या बाजूनं पुन्हा लांब व्हायला लागली. तुम्ही दोघं दमून एका दगडावर बसलात. काकूंनी डबा उघडला. सावली आता चांगली चटईएवढी झाली होती. अझहर आणि मी तिच्यात येऊन आडवे झालो, तरी जागा उरली.

त्या तीन वाजेपर्यंतच्या चित्रणावरून आपलं भांडण सुरू झालं, ते अजून मिटलेलं नाही.

माझं म्हणणं साधं होतं. सावली सगळ्यात लहान, माणसं सगळ्यात जवळ, गाणं संपलं. प्रेक्षकाला तिथं सोडायचं. तुमचं म्हणणं, सूर्य तिथं थांबत नाही, तर तुम्ही कसे थांबता. मी म्हटलं, सर, दोन माणसं दगडावर बसून भाकरी खातायत, हे कोण बघणार? तुम्ही म्हणालात, "गाणं संपतं गं. दुपार संपत नाही." आपण कॅन्टीनमध्ये भांडलो, जिन्यात भांडलो, ग्रंथालयात भांडून ग्रंथपालांची बोलणी खाल्ली. परीक्षेत तुम्ही पर्यवेक्षक म्हणून आलात तेव्हा मी मन लावून पेपर लिहीत होते. तुम्ही फेरी मारता मारता माझ्या बाकापाशी थांबलात. मला वाटलं, काही चुकलं की काय. तुम्ही वाकून म्हणालात, "तीनपर्यंतचं दाखव." आणि पुढं गेलात. शेजारच्या बाकावरच्या मुलीला वाटलं, तुम्ही मला प्रश्न क्रमांक तीन सांगितलात. तिनं पेपरानंतर माझ्याशी बोलणं सोडलं.

मी दाखवलं नाही. व्हिडिओ माझ्या मनासारखा बारा-साडेबारालाच संपला. हॉलमध्ये तुम्ही पडद्यावर आलात तेव्हा अशा शिट्ट्या झाल्या की प्राचार्यांना मागं वळून बघावं लागलं. एसटीच्या शॉटला टाळ्या पडल्या. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी संकल्पना विचारली तेव्हा अझहर छाती काढून म्हणाला, "पर्जन्यछाया." तुम्ही दाराजवळ उभे होतात. नंतर माझ्याजवळ आलात. म्हणालात, "चांगलं झालंय. अर्धं."

त्यानंतर टपरीवाला तुम्हाला हिरो म्हणायला लागला, पहिल्या वर्षाच्या मुली सेल्फी मागायला लागल्या. तुम्ही फार चिडायचात. मात्र त्याच सुमारास तुम्ही चष्मा बदललात. काकूंनी आम्हाला सांगितलंय, फ्रेम निवडायला तुम्ही दुकानदाराचा जीव काढला होता.

हे सगळं हसण्यावारी लिहितेय, कारण दुसरं जमत नाही. पण एक सांगते. मी आता एका जाहिरातींच्या ऑफिसात काम करते. तिथं रोज कुणीतरी नवीन कल्पना घेऊन येतं, समुद्र, बर्फ, उघड्या छताची गाडी. सगळे छान म्हणतात. माझ्या तोंडून मात्र आपोआप निघतं, "हे कुठं घडतं?" आणि समोरचा गप्प होतो. तो गप्प झाला की मला तुमची इतकी आठवण येते की मीही गप्प होते. मग बैठकीत दोन माणसं नुसती गप्प बसलेली असतात. ऑफिसात म्हणतात, ही फार विचार करून बोलते.

गेल्या महिन्यात तुमचा मेसेज आला होता. 'टेंभुर्णी, शेवटाबद्दल एक सुचले आहे. समक्ष बोलू.' मी घरी होते, चुलतबहिणीच्या लग्नाच्या गडबडीत. सोमवारी येते, म्हणून कळवलं. तुम्ही 'ठीक' असं उत्तर दिलंत, पुढं पूर्णविराम देऊन. मेसेजमध्ये पूर्णविराम देणारे तुम्हीच एकटे मला माहीत आहात.

सोमवारी मी आले. तुमच्या दारात चपलाच चपला होत्या.

अझहर फाटकापाशी उभा होता. त्यानं माझ्या हातातली पिशवी तेवढी घेतली. श्रीनू आत माणसांना पाणी देत होता. काकूंच्या शेजारच्या बायका कानडीत काहीतरी समजूत घालत होत्या आणि काकू नुसत्या मान हलवत होत्या. मला तिथं रडू आलं नाही. परत जाताना रिक्षात आलं. रिक्षावाल्यानं आरसा दुसरीकडं फिरवला.

तुम्हाला काय सुचलं होतं सर? मी डोकं खाजवून दमले. तीनपर्यंतच्या चित्रणाला पुन्हा गाणं जोडायचं होतं? की नुसता झाडाचा आवाज? की, हे मला आवडेल, तुम्हाला माझं पटलं होतं? मी तसं धरून चाललेय. तुम्ही आता समासात 'आधार?' लिहू शकत नाही, याचा मी फायदा घेतेय. पण फायदा घेण्यात मजा येत नाही, हेही खरं.

शोकसभेनंतर काल आम्ही तिघं काकूंना भेटायला गेलो. काकूच म्हणाल्या, तो व्हिडिओ आणलायसा का. श्रीनूनं लॅपटॉप उघडला. गाण्याचा व्हिडिओ संपला तशा त्या म्हणाल्या, "आणि पुढचं? आपण तीनपर्यंत बसलो होतो की." श्रीनूनं ते सगळं चित्रण जपून ठेवलंय. त्यानं लावलं. गाणं नाही, काही नाही. तुम्ही भाकरी मोडताय, काकूंना देताय, काहीतरी सांगताय, बहुतेक तापमान. सावली लांबलांब जातेय आणि तुम्ही दोघं आहात तिथंच, खांद्याला खांदा लावून. आम्ही चौघं ते बघत बसलो. कुणाला कंटाळा आला नाही. तुमचं म्हणणं मला पूर्ण पटलंय असं लगेच समजू नका. पण बघितलं.

संपल्यावर काकू म्हणाल्या, "एक सांगू का तुम्हाला. ह्यांना कधी सांगितलं नाही."

मग त्यांनी सांगितलं. दुधनीचं एसटी स्टँड त्यांच्या शाळेच्या भिंतीला लागून होतं. दुपारची गाडी तिथूनच सुटायची, निम्मी रिकामी. शाळेतून निघून त्या चार पावलांवर गाडीत बसल्या असत्या तर खिडकीची जागा मिळाली असती. त्याऐवजी त्या भर उन्हात गावाबाहेर फाट्यापर्यंत चालत यायच्या. गाडी तिथं येईपर्यंत भरून जायची, आणि मग त्या अक्कलकोटपर्यंत उभ्यानं जायच्या. रोज.

"आणि सरांनी विचारलं नाही, स्टँडावर का नाही बसत?" मी म्हटलं.

"एकदा विचारलं. मी सांगितलं, दुपारची गाडी स्टँडात येत नाही. हो म्हणाले." काकूंनी पदरानं डोळे पुसले, पण त्या हसत होत्या. "गाडी रोज त्यांच्या डोळ्यांदेखत स्टँडाकडनं यायची. एवढा भूगोलाचा माणूस. ती कुठनं येतीय ते कधी बघितलंच नाही."

मी विचारलं, मग सांगितलं का नाही कधी. त्या म्हणाल्या, सांगणारच होते, रोज काहीतरी निघायचं, राहून गेलं. आणि मग म्हणाल्या, तुला लिहिता येतं, तू कळव.

म्हणून कळवते, सर. दुपारची गाडी स्टँडातूनच सुटायची.